आक्षेपाला उत्तर द्यावंच लागतं

[दृश्य: भरलेलं सभागृह. अध्यक्ष प्रश्न विचारतात. ओठ मिटलेले, तरी खोलीभर घुमणारा आवाज.]

हे मतदान नाही. मसुदा पुढे न्यावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी आत्ता हुंकार दिला.

[दुसरा हुंकार, बारीक.]

आणि हे विरोधातले. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्या आयईटीएफमध्ये सदस्यत्व नावाची गोष्टच नाही, मग मतं मोजायची कोणाची? अलीकडे ऑनलाइन येणाऱ्यांसाठी बटणं आली आहेत. पण बटणांत बघण्यासारखं काही नाही, म्हणून हुंकारच दाखवतो आहोत.

[दृश्य: गळ्यातली ओळखपत्रं, जवळून.]

निळा ठिपका कार्यगटाच्या अध्यक्षाचा. सहमती झाली की नाही हे यांनी ठरवायचं, आणि तेही डोकी न मोजता. आयईटीएफचे प्रसिद्ध झालेले, क्रमांक दिलेले दस्तऐवज म्हणजे आरएफसी. 2014च्या आरएफसी 7282मध्ये स्पष्टच म्हटलंय, शंभर जण बाजूने आणि पाच विरोधात असले, तरी सहमती झालीच असं नाही. त्या पाचांनी दाखवलेला दोष खरा असेल, तर शंभरांनी थांबायचं. उलट, आक्षेप नीट तपासून त्याला तांत्रिक उत्तर दिलं असेल, तर आक्षेप घेणारा नाराज राहिला तरी काम पुढे जातं. आमच्या मते अख्ख्या नियमावलीचा जीव इथे आहे.

[दृश्य: पडद्यावर शेजारी शेजारी दोन मसुदे. लाल ओळी, हिरव्या ओळी.]

मसुदा कोणीही पाठवावा, फी नाही. सहा महिन्यांत नवी आवृत्ती आली नाही, तर त्याची मुदत संपते. हा मसुदा टीएलएस 1.3चा. ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यातलं बोलणं तिसऱ्याला कळू नये, याची व्यवस्था. काम सुरू झालं 2014मध्ये. समोर दिसतोय तो मसुदा क्रमांक 28.

मध्येच, 2016मध्ये, वित्तक्षेत्रातून मागणी आली: गुप्त किल्ली ठरवण्याची जुनी आरएसए पद्धत काढू नका, नाहीतर आमच्याच नेटवर्कमधली वाहतूक आम्हाला तपासता येणार नाही. मागणी ऐकून घेतली, वाद झाला, आणि ती मान्य झाली नाही. कारण मग सर्व्हरची एक किल्ली चोरीला गेली की आधी टिपून ठेवलेली सगळी संभाषणं उघडी पडण्याचा धोका तसाच राहिला असता.

[दृश्य: एकाच ओळीवर कॅमेरा स्थिर.]

आता ही ओळ बघा. मसुदा 1.3चा, पण या रकान्यात आकडा अजून 1.2चाच. चुकून राहिलेला नाही. प्रत्यक्ष चालवून पाहताना वाटेतली काही जुनी उपकरणं अनोळखी दिसणारी जोडणी तोडून टाकत होती. म्हणून वरचा आकडा जुनाच ठेवला आणि खरी आवृत्ती आत, वेगळ्या जागी सांगितली. दिसायला ओंगळ आहे, पण चालतं.

[दृश्य: सुकाणू मंडळाचं नोंदींचं पान.]

त्यानंतर आक्षेप मांडण्यासाठी सर्वांना शेवटची हाक, किमान दोन आठवड्यांची. मग आयईएसजी, म्हणजे आयईटीएफचं सुकाणू मंडळ; यांच्या ओळखपत्रांवर पिवळा ठिपका. इथे नोंदी होतात: होय, हरकत नाही, किंवा डिस्कस, म्हणजे ‘आधी यावर चर्चा हवी’. एक जरी डिस्कस शिल्लक असला तरी मसुदा अडला. मात्र तो टाकणाऱ्याने नेमकं काय खटकतं आणि काय केल्याने सुटेल, हे लिहून द्यायचं. ‘मी असतो तर वेगळं लिहिलं असतं’ हे कारण चालत नाही.

[दृश्य: संपादकांच्या खुणा असलेली पानं.]

शेवटी लेखकांची अखेरची तपासणी. तिच्या नावात 48 तास आहेत, जातात बहुधा आठवडे. आरएफसी प्रसिद्ध झाला की मजकुरात काना-मात्राही हलत नाही. सापडलेल्या चुका वेगळ्या नोंदवतात.

टीएलएस 1.3 ऑगस्ट 2018मध्ये आरएफसी 8446 म्हणून निघालं. आज सगळे प्रमुख ब्राउझर ते वापरतात.