मॅरियनचा बुधवारचा अंक

अमेरिकेच्या मधोमध, कॅन्सस राज्यात मॅरियन नावाचं गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आत. ११ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. पोलीस ‘मॅरियन काउंटी रेकॉर्ड’ या साप्ताहिकाच्या कचेरीत शिरले आणि कॉम्प्युटर, मोबाइल, सर्व्हर असं सगळं उचलून घेऊन गेले. त्याच दिवशी ते संपादक एरिक मेयर यांच्या घरीही पोचले. तिथं त्यांच्या आई होत्या. जोन मेयर, वय ९८, या साप्ताहिकाच्या सहमालक.

त्या वेळचं चित्रण घरातल्याच कॅमेऱ्यात आहे. वॉकरला धरून उभ्या असलेल्या जोनबाई पोलिसांना घराबाहेर व्हा म्हणून खडसावताहेत. आवाज चढलेला आहे, पण त्यात भीतीचा मागमूस नाही. समोरचे गणवेशातले धडधाकट पुरुष आपलं काम चालूच ठेवतात. त्यानंतर जोनबाईंना ना अन्न गोड लागलं, ना झोप आली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्या गेल्या.

एवढा कसला गुन्हा घडला होता? गावातल्या एका हॉटेलमालकिणीला पूर्वी दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली होती, अशी माहिती कुणीतरी साप्ताहिकाला कळवली. साप्ताहिकाच्या वार्ताहरानं सरकारी संकेतस्थळावर ती पडताळून पाहिली. बातमी छापलीसुद्धा नाही. उलट असं काही हाती आलं आहे, हे संपादकांनी स्वतःहून पोलिसांच्या कानावर घातलं. पोलिसांनी त्या पडताळणीला ओळखचोरी, म्हणजे दुसऱ्याची ओळख वापरून केलेली फसवणूक, ठरवलं आणि वॉरंट मिळवलं. आणखी एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. गावचे नवे पोलीसप्रमुख गिडियन कोडी आधीच्या नोकरीत कसे वागले होते, याची चौकशी हेच साप्ताहिक करत होतं.

वृत्तपत्राकडून कागद हवे असतील तर न्यायालयामार्फत रीतसर मागा, थेट झडती घेऊ नका, असा केंद्राचा कायदा अमेरिकेत १९८० पासून आहे. मॅरियनमध्ये तो कुणालाच आठवला नाही.

‘रेकॉर्ड’ निघतो बुधवारी. हाताशी उरलेली जुनी यंत्रं जोडून माणसांनी रात्र जागवली आणि १६ ऑगस्टचा अंक वेळेवर बाहेर काढला. आम्हाला जप्त केलं, पण गप्प केलेलं नाही, अशा अर्थाचा मथळा पहिल्या पानावर मोठ्या टाइपात झळकला. त्याच दिवशी सरकारी वकिलांनी पुरावा अपुरा असल्याचं सांगत वॉरंट मागं घेतलं.

मॅरियनचं नशीब असं, की छापा घालायला का होईना, तिथं वृत्तपत्र शिल्लक होतं. १९९८ मध्ये ते विकायला निघालं, तेव्हा बाहेरच्या कंपनीच्या हाती जाऊ नये म्हणून मेयर कुटुंबानं ते विकत घेतलं. अशी कुटुंबं आता विरळ झाली आहेत. २००५ पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून जास्त वृत्तपत्रं बंद पडली. छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या, हे खरंच आहे. पण उरलेल्यांचा गळा पैसेवाल्यांनी आवळला. न्यूयॉर्कचा ‘ऑल्डन ग्लोबल कॅपिटल’ हा फंड वृत्तपत्रं विकत घेतो, माणसं कमी करतो आणि नफा उपसतो. २०१८ मध्ये ‘डेन्व्हर पोस्ट’च्या संपादकांनी आपल्या या मालकाविरुद्ध स्वतःच्याच पानांवर अग्रलेख छापला. तरीही २०२१ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ याच फंडाच्या ताब्यात गेला.

वार्ताहर नसलेल्या गावात काय होतं, ते पाहायचं तर लॉस एंजेलिसजवळच्या बेल या छोट्या शहरात जावं लागेल. वस्ती पस्तीस हजारांच्या घरात, बहुतेक लॅटिनो कामगार. २००५ मध्ये तिथं एक साधीशी वाटणारी निवडणूक झाली. मतदान चारशेच्याही आत. त्या मतांच्या जोरावर शहराला स्वतःची सनद, म्हणजे आपला कारभार आपल्याच नियमांनी चालवण्याचा हक्क, मिळाली आणि नगरसेवकांच्या पगारावरची राज्याची मर्यादा उठली. मग काय, रान मोकळं! अर्धवेळ काम करणारे नगरसेवक वर्षाला जवळपास एक लाख डॉलर घेऊ लागले. शहराचा कारभारी रॉबर्ट रिझो यांचा पगार पोचला पावणेआठ लाख डॉलरच्या वर. तो अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पगाराच्या जवळपास दुप्पट होता. नगर परिषदेच्या बैठकीला नेमानं बसून टिपणं घेणारं कुणी नव्हतं. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे दोन वार्ताहर २०१० मध्ये शेजारच्या मेवुडच्या बातमीवर होते, तेव्हा हे प्रकरण त्यांच्या हाती लागलं. रिझोंना पुढं १२ वर्षांची शिक्षा झाली. पण तोवर करापायी पिळून निघाले होते ते तिथले कामगारच.

माझा राग आहे तो रात्रीच्या वृत्तवाहिन्यांवर. तिथं बेल नसतं, मॅरियन एखाद्या आठवड्यापुरतं असतं. शाळेचं अंदाजपत्रक, पाण्याची पाइपलाइन, पोलीसप्रमुखाचा पूर्वेतिहास यांतून पैसा मिळत नाही, भांडणातून मिळतो. २०२० च्या निवडणुकीत मतमोजणी यंत्रांनी घोटाळा केल्याचे खोटे आरोप ‘फॉक्स न्यूज’वरून दाखवले गेले. २०२३ मध्ये ही यंत्रं बनवणाऱ्या ‘डोमिनियन’ कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन वाहिनीनं बदनामीचा खटला मिटवला, आणि वाहिनी चालूच राहिली. एवढ्या पैशात ‘रेकॉर्ड’सारखी किती साप्ताहिकं किती वर्षं निघाली असती, या विचारानं जीव तुटतो. गावची बातमी मेली की माणसाला शेजारी दिसेनासा होतो, दिसतो तो फक्त त्याचा पक्ष. अमेरिकेतल्या आजच्या कडवटपणाचं मोठं कारण मला हेच वाटतं.

मॅरियनचं पुढं काय झालं? कोडी यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये राजीनामा दिला. वृत्तपत्रानं कोणताही गुन्हा केला नव्हता, असा निर्वाळा २०२४ मध्ये विशेष सरकारी वकिलांनी दिला, आणि न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचा आरोप खुद्द कोडींवरच ठेवला गेला. देशभरातून हजारो नवे वर्गणीदार मिळाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनानं, तीस लाखांहून जास्त डॉलर भरपाई देण्याचं मान्य केलं, छाप्यात सामील असलेल्या शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीनं चूक कबूल केली. एरिक मेयर यांना पैशापेक्षा ही कबुलीच मोलाची वाटली. जोनबाई मात्र ती ऐकायला नव्हत्या.