निवृत्त होणाऱ्या अधिष्ठात्यांविषयी

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या पुणे विद्यापीठातील विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखेचे अधिष्ठाता या महिनाअखेरीस सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्याविषयी रेडिओवर बोलायचे ठरले, तेव्हा भाषणात आपले नाव येऊ नये एवढीच अट त्यांनी घातली. पुण्यात शाल-श्रीफळांची वाण कधीच नव्हती, त्यामुळे या अटीचे नवल वाटले आणि खरे सांगायचे तर बरेही वाटले. मी त्यांना नुसते 'सर' म्हणेन.

विद्यापीठाबाहेरच्या माणसाला कुलगुरू माहीत असतात, परीक्षा विभाग तर नको इतका माहीत असतो; अधिष्ठाता काय करतो हे मात्र सहसा कुणाला ठाऊक नसते. १९९४ च्या कायद्यानुसार हे पद निवडणुकीने भरले जाई. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू झाल्यावर ते पूर्णवेळ झाले, निवड समितीमार्फत भरले जाऊ लागले आणि अभ्यासक्रमांपासून महाविद्यालयांच्या शैक्षणिक दर्जापर्यंत अनेक गोष्टींची जबाबदारी या एका खुर्चीवर आली. पद मोठे झाले की दालनाबाहेरचा बाकही लांब होतो, असा आपल्याकडचा अनुभव आहे. सरांनी तो बाक रिकामा कसा राहील याचा विचार केला, आणि त्यांचे नेतृत्व मला तिथे दिसते.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. आज पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आहेत. सुरगाण्याच्या मुलाला समकक्षतेच्या, म्हणजे दुसरीकडचे शिक्षण इथल्या बरोबरीचे मानण्याच्या, अर्जासाठी गणेशखिंडीत विद्यापीठात यायचे, तर नाशिकमार्गे एसटीने येण्यातच दिवस जातो. पूर्वी त्याला एका खेपेला सांगितले जाई की गुणपत्रिकेची प्रत साक्षांकित नाही, आणि पुढच्या खेपेला कळे की शुल्काची पावती जोडलेली नाही. सरांनी रुजू झाल्यावर पहिल्याच बैठकीत ठरवून दिले की अर्जातल्या सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवायच्या, आणि त्या पत्रात नसलेली त्रुटी कार्यालयाने नंतर काढायची नाही. नियम दोन ओळींचा आहे. तो पाळून घेण्यासाठी मात्र त्यांना कितीतरी संध्याकाळी कर्मचाऱ्यांबरोबर बसून नस्त्या, म्हणजे फायली, उलगडाव्या लागल्या, आणि त्यात त्यांनी कुणावर आवाज चढवल्याचे मी ऐकलेले नाही.

सर मूळचे भूशास्त्राचे प्राध्यापक. महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भूभाग दख्खनच्या बेसॉल्टने, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ मुरतच नाही; ते साठते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांमध्ये आणि दोन थरांमधल्या सांध्यात. त्यामुळे एका विहिरीला मे महिन्यातही पाणी असते आणि शंभर पावलांवरची दुसरी फेब्रुवारीतच तळ गाठते. हे फळ्यावर शिकवता येते, पण सर विद्यार्थ्यांना घेऊन पुरंदर तालुक्यात जात आणि पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर त्याच त्या विहिरींची पातळी मोजत. टेप आत सोडून आकडा वाचला, की कठड्याची उंची वजा केली का, हा त्यांचा ठरलेला प्रश्न असे. नोंदीची एक प्रत विभागात राही आणि दुसरी ग्रामपंचायतीत जाई. नव्या विंधन विहिरीचा विषय निघाला की ग्रामसभेत ती वही उघडली जाऊ लागली. माझ्या मते एखाद्या शोधनिबंधाला याहून चांगला वाचक मिळणे कठीण.

अधिष्ठाता झाल्यावरही त्यांनी हे सोडले नाही, याबद्दल विद्यापीठात कुरकुर झाली. ती अगदीच अनाठायी होती असे मी म्हणणार नाही, कारण अभ्यास मंडळांच्या काही बैठका त्यापायी पुढे ढकलाव्या लागल्या. पण पुण्यातल्या विद्वत्तेला ही वाट नवी नाही. धनंजयराव गाडगीळ १९३० ते १९६६ गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते, आणि त्याच काळात त्यांनी प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षपद सांभाळले. पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अर्थशास्त्र आणि प्रवराकाठचा ऊस उत्पादक यांत त्यांनी अंतर ठेवले नाही. सरांचे काम त्या मानाने लहान आहे, आणि असे म्हटलेले त्यांनाही आवडेल.

आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, मिळू लागले आहेत. हे श्रेयांक गावात जाऊन केलेल्या मोजमापावर द्यायचे, की मागच्या वर्षीच्या अहवालाचे मुखपृष्ठ बदलून आणणाऱ्यालाही द्यायचे, हे पुढच्या अधिष्ठात्यांना ठरवावे लागेल. सरांनी त्यासाठी मूल्यमापनाचा एक मसुदा तयार करून ठेवला आहे. त्यात विद्यार्थ्याची क्षेत्र-नोंदवही मूळ स्वरूपात, खाडाखोडीसह सादर करण्याची अट आहे. हा मसुदा विद्या परिषदेपुढे जायचा आहे.