पोस्टरपाशी थांबलेला माणूस

(परिषदेचं पोस्टर दालन. ओळीनं लावलेले फलक, मधून चालणारी माणसं.)

हे परिषदेचं पोस्टर दालन. कम्युनिकेशन, म्हणजे संज्ञापन, या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपापलं संशोधन एकेका फलकावर मांडलंय. येणारे-जाणारे मथळ्यावर नजर टाकतात आणि पुढे सरकतात. मधूनच कुणीतरी थांबतं. फलकाशेजारी सकाळपासून उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचं सगळं लक्ष त्या थांबण्याकडे लागलेलं असतं.

डावीकडे, निळ्या फलकाजवळ उभी असलेली ही विद्यार्थिनी शेवटच्या वर्षाला आहे. नातेवाइकांच्या मेसेज ग्रुपवर आरोग्याविषयी अफवा आली, तर ती खोटी आहे हे कोण सांगतं, आणि सगळ्यांदेखत सांगतं की बाजूला घेऊन, हा तिचा विषय. आत्ता तिच्यासमोर थांबलेले गृहस्थ सार्वजनिक आरोग्याच्या प्रचारमोहिमा आखतात.

तिच्याकडे बघा. फलकावर काय लिहिलंय ते तिनं अजून सांगायला घेतलेलं नाही. ती विचारतेय, "तुमच्या कामात अशा ग्रुपशी कधी संबंध येतो का, सर?" आणि सर बोलायला लागले. उजव्या कोपऱ्यातल्या तक्त्यावर त्यांचं बोट आहे. चूक ग्रुपवरच दुरुस्त करणारे किती आणि त्या माणसाला वेगळा मेसेज करून सांगणारे किती, असा तो तक्ता. आपल्या मोहिमांचा मजकूर ग्रुपवर टाकण्यासाठीच लिहिलेला असतो, एकानं दुसऱ्या एकाला पाठवावा असं त्यात काही नसतं, हे त्यांना तक्ता बघता बघता सुचलंय. ती मध्ये बोलत नाही. त्यांचं पूर्ण झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारते.

(जवळून: हात, छोटी वही, पेन.)

ते पुढे गेले आणि तिनं वही काढली. पानावर तीन ओळी उतरतात. पहिलीत ते कोण आणि कुठे भेटले. दुसरीत 'एकानं एकाला पाठवायचा मजकूर'. तिसरी अधोरेखित: 'मागच्या मोहिमेचा अहवाल पाठवतो म्हणाले.' भेट संपून मिनिटही झालेलं नाही. अशा दिवशी इतके चेहरे समोर येतात की संध्याकाळपर्यंत कोण काय म्हणालं याचा गोंधळ उडतो. पुढचं सगळं या तीन ओळींवर उभं राहणार आहे.

ओळखी वाढवा, असं या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून सांगितलं जातं. कशा वाढवायच्या हे बहुतेक ठिकाणी कुणी बसून शिकवत नाही. मग अनेकांना हे पुढेपुढे करणं वाटतं, आणि ज्यांना तसं करणं पटत नाही ती मुलं मागे राहतात. ज्याच्या घरात आधीच पत्रकार, प्राध्यापक, जाहिरात क्षेत्रातली माणसं आहेत, त्याला ओळखी आयत्या मिळतात. घरातून पदवीपर्यंत पोहोचलेला जो पहिलाच, त्याला त्या कमवाव्या लागतात. हा फरक गुणवत्तेचा नाही आणि तो भरून काढणं विभागाचं काम आहे. प्रश्न विचारणं, ऐकणं, बोलण्याचा धागा हातातून न सोडणं हे तर या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचेच विषय.

(संग्रहातली कृष्णधवल छायाचित्रं: वर्गखोल्या, व्यासपीठं.)

ज्या परिषदांमध्ये ही मुलं आज फलक लावतात, त्यांची सुरुवात अगदी थोड्या माणसांनी केली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत वक्तृत्व शिकवणारे शिक्षक इंग्रजीच्या शिक्षकांच्या परिषदेत सामील होते. तिथे आपल्या विषयाला जागा मिळत नाही असं त्यांना वाटत होतं. नोव्हेंबर 1914 मध्ये शिकागोत त्यांच्यातले 17 जण वेगळे झाले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. नावं बदलत बदलत तीच आजची नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन. पुढे 1950 मध्ये एक संघटना निघाली, जी आज इंटरनॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन म्हणून ओळखली जाते. 1957 मध्ये युनेस्कोच्या पाठबळानं माध्यम संशोधकांची आणखी एक आंतरराष्ट्रीय संघटना पॅरिसमध्ये स्थापन झाली.

(परिषदेचं वेळापत्रक. एका पानावर पेन्सिलीच्या खुणा.)

इतक्या मोठ्या परिषदेत नवखा माणूस हरवून जातो. पण आत विषयवार विभाग असतात: आरोग्य संज्ञापन, पत्रकारिता, राजकीय संज्ञापन, असे. प्रत्येक विभागात वर्षानुवर्षं तीच माणसं भेटत राहतात. या विद्यार्थिनीनं वेळापत्रकात खूण कशावर केलीय ते दिसतंय का? भाषणांवर केलीच आहे, शिवाय आरोग्य संज्ञापन विभागाच्या कामकाजाच्या बैठकीवर. विद्यार्थी सहसा ही बैठक सोडून देतात आणि मला त्याची हळहळ वाटते. पुढच्या वर्षीचे निबंध कोण तपासणार, सत्रं कोण लावणार, ही कामं तिथे वाटली जातात. एका वर्षी मागे बसून ऐकावं, पुढच्या वर्षी एखादं छोटं काम मागून घ्यावं. ते वेळेत पुरं केलं की विभागात नाव माहीत होतं.

वेळापत्रकाच्या समासात काही नावं आहेत. ज्यांना भेटायचंच, त्यांची. प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीच्या एका निबंधाचा विषय आणि एक प्रश्न. हे तिनं परिषदेच्या आठवडाभर आधी केलंय.

(पडद्यावर आलेख: ठिपके, काही जाड रेषांनी जोडलेले, काही बारीक.)

हा आलेख जरा वेळ पडद्यावर राहू दे. 1969 मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या तरुण समाजशास्त्रज्ञानं एक शोधनिबंध एका नामांकित नियतकालिकाकडे पाठवला. तो नाकारला गेला. त्यावर आणखी काम करून 1973 मध्ये त्यानं तो दुसरीकडे, 'अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी'त प्रसिद्ध केला. बॉस्टनजवळच्या एका गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यानं विचारलं होतं, या नोकरीबद्दल तुम्हाला कुणाकडून कळलं? मित्राकडून का? आणि लोक त्याची दुरुस्ती करत राहिले: मित्र नव्हे हो, ओळखीतलाच एक. हेच उत्तर इतक्यांदा आलं की त्याचं कुतूहल जागं झालं.

त्यानं आकडे मांडले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी, ज्याच्याकडून कळलं त्याला वरचेवर भेटणारे होते 16.7 टक्के. अधूनमधून भेटणारे 55.6 टक्के. आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारे 27.8 टक्के.

कारण आलेखातच आहे. जाड रेषा म्हणजे घट्ट मैत्री. त्या सगळ्या एकाच झुबक्यात फिरतात. एकाच वर्गात बसणाऱ्या, एकाच वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना साधारण सारख्याच गोष्टी माहीत असतात. ही बारीक रेषा बघा, झुबक्यातून बाहेर निघून दुसऱ्या झुबक्याला टेकलेली. नवी बातमी तिच्यावरून आत येते.

2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याची मोठी परीक्षा प्रसिद्ध झाली. लिंक्डइनवरच्या 2 कोटी लोकांना 5 वर्षांच्या काळात ओळखीच्या ज्या शिफारशी दाखवल्या जात होत्या, त्यांत प्रयोग म्हणून फेरफार करण्यात आले. नोकरी बदलायला सर्वांत जास्त उपयोग झाला तो माफक सैल ओळखींचा, म्हणजे ज्यांच्याशी थोडीफार माणसं सामायिक आहेत अशांचा. सर्वांत घट्ट नात्यांचा उपयोग सर्वांत कमी. विद्यार्थ्याच्या जगात ही माणसं कोण? दोन वर्षं पुढे गेलेले सीनिअर. एका व्याख्यानापुरते आलेले पाहुणे वक्ते. इंटर्नशिपच्या वेळचे संपादक. आणि पोस्टरपाशी थांबलेले ते सर.

(रात्र. लॅपटॉपवर मेलची रिकामी खिडकी.)

परिषदेनंतरची ही रात्र. ती मेल लिहायला बसलीय आणि बराच वेळ एकही अक्षर उमटलेलं नाही. त्यांना मी आठवेन का? त्रास दिल्यासारखं होईल का? याही भीतीचा अभ्यास झालाय. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, नुकतीच ओळख झालेल्या माणसांना गप्पांनंतर विचारलं, समोरच्याला तुम्ही कितपत आवडलात? लोकांनी सातत्यानं कमीच अंदाज केला. त्याआधी 2008 च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना अनोळखी लोकांकडून 5 प्रश्नावल्या भरून आणायच्या होत्या. त्यासाठी 20 जणांना तरी विचारावं लागेल, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात 10 च्या आसपास लोकांना विचारून काम झालं. माणसं आपल्याला वाटतं त्याहून जास्त वेळा हो म्हणतात.

आता बोटं चालायला लागलीत. विषयाच्या जागी ती लिहिते: 'पोस्टर दालन, मेसेज ग्रुपवरच्या अफवा: अहवालाबाबत'. खाली: 'नमस्कार सर. आपण माझ्या पोस्टरपाशी थांबलात, त्याबद्दल मनापासून आभार. एकानं एकाला पाठवायच्या मजकुराचा आपण मांडलेला मुद्दा मी प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात तपासून बघणार आहे. मागच्या मोहिमेचा अहवाल पाठवाल असं म्हणाला होतात. मिळाला तर फार उपयोग होईल.'

आणखी एक ओळ येते: 'आपल्या संस्थेत काही संधी असल्यास जरूर कळवावे.' कर्सर तिच्या शेवटी थांबतो. मग एकेक अक्षर मागे जात ती ओळ पुसली जाते.

ही पुसलेली ओळ मला फार महत्त्वाची वाटते. पहिल्याच मेलमध्ये नोकरीचं विचारलं की समोरच्याला हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं, आणि बहुतेकदा त्याच्या हातात हो म्हणण्यासारखं काही नसतं. अहवाल मात्र तो दोन मिनिटांत पाठवू शकतो. मागणी एकच, तीही समोरच्याला सहज जमणारी, आणि कुठे भेटलो ते पहिल्याच वाक्यात. बस्स. मेल भेटीनंतर एक-दोन दिवसांत जायला हवा. आठवड्यानं गेला तर पोस्टर कुठलं, मुलगी कुठली, हे त्या माणसाला आठवत बसावं लागतं.

(छापलेला अहवाल. पानांना चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या.)

अहवाल आला. आभाराचे दोन शब्द तिनं लगेच कळवले, पण खरं उत्तर पाठवलं ते अहवाल वाचून झाल्यावर: अमुक पानावरचा तक्ता माझ्या निष्कर्षाशी जुळतो, तमुक पानावरचा जुळत नाही, यामागचं कारण काय असावं? ओळख पक्की होते ती इथे. भेटणारे पुष्कळ असतात, पहिला मेल पाठवणारेही बरेच. दिलेलं वाचून, त्याचं काय केलं हे कळवणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो, आणि शिकवणाऱ्यांना, काम करणाऱ्यांना नेमका तोच लक्षात राहतो.

(व्हिडिओ कॉल. वहीत लिहिलेले प्रश्न.)

मग तिनं 20 मिनिटं मागितली. हा तो कॉल. वहीत प्रश्न आधीच लिहून ठेवलेत. संस्थेच्या वेबसाइटवर ज्याचं उत्तर सापडेल असा एकही प्रश्न त्यांत नाही. तुमचा आठवडा प्रत्यक्षात कसा जातो? या कामासाठी माणूस निवडताना तुम्ही काय बघता? माझ्या अभ्यासक्रमात कुठला विषय कमी पडतोय असं तुम्हाला वाटतं? सर क्षणभर विचार करून सांगतात: मोहिमेचा परिणाम मोजणं. तिचं पेन त्या शब्दांखाली दोनदा फिरतं. आणि हा तिचा शेवटचा प्रश्न: "आणखी कुणाशी बोलावं असं तुम्ही सुचवाल, सर?" सर दोन नावं देतात. घड्याळ बघा. 20 मिनिटं होताहेत आणि वेळ झाल्याचं तीच सांगते.

असा एक कॉल प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत धरला जावा. विभागांकडे माजी विद्यार्थ्यांच्या याद्या असतातच. पहिल्या सत्रात प्रत्येकाला एक माजी विद्यार्थी जोडून द्यावा, प्रश्न वर्गात तपासून घ्यावेत, कॉलनंतर टिपण लिहून घ्यावं. परिषदेच्या प्रवासाचा खर्चही विभागानं उचलावा. ज्याला तिकीट परवडत नाही, तो या दालनात पोहोचतच नाही.

काही मेलना उत्तरं आली नाहीत. सरांनी दिलेल्या दोन नावांपैकी एकाकडे तिला मोहिमेचा परिणाम मोजण्याच्या कामावर इंटर्नशिप मिळाली, आणि पुढे तिथेच नोकरीही.

(विभागाचा व्हरांडा. ती आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, मोबाइल हातात.)

हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. प्रचारमोहिमांच्या भाषेवर काम करायचंय म्हणतोय. "ताई, सरांचा नंबर मिळेल का?" नंबर ती देत नाही. आधी सरांना मेल करते: हा विद्यार्थी, हा त्याचा विषय, तुम्हाला या महिन्यात वेळ आहे का? त्यांना नाही म्हणायची मोकळीक ठेवते. होकार आला की दोघांना मिळून एक मेल जाईल. त्यात प्रत्येकाबद्दल दोन ओळी असतील, आणि दोघांनी एकमेकांशी का बोलावं, याची एक. त्या मेलला उत्तर आधी त्यानं द्यायचं, त्याच दिवशी, आपल्या सोयीच्या दोन-तीन वेळा कळवून. हे ती त्याला समजावून सांगतेय, आणि तो लिहून घेतोय.