उगारलेल्या हातापासून मोडलेल्या हाडापर्यंत

मित्रहो, मारहाणीची तक्रार घेऊन कोणी आले की पहिला प्रश्न असतो, "कुठे लागले आहे का?" रक्त किंवा सूज दिसत नसेल, तर काही घडलेच नाही असे गृहीत धरले जाते. कायदा मात्र जखमेच्या बराच आधीपासून लक्ष घालतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३० नुसार, आपल्यावर आता बळाचा वापर होणार अशी धास्ती समोरच्याला वाटावी या हेतूने, किंवा ती वाटण्याचा संभव आहे हे ठाऊक असताना, केलेला हावभाव किंवा तयारी म्हणजेच हमला. संहितेतल्या एका दाखल्यातला आरोपी समोरच्याला हातही लावत नाही. तो एका चावऱ्या कुत्र्याची मुसकी सोडू लागतो, आणि तेवढ्यावर गुन्हा पुरा होतो.

नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात सांगितले आहे. पण शब्दांमुळे कृतीला अर्थ येतो. काठी उचलणे एकटे पाहिले तर निरुपद्रवी ठरू शकते. काठी उचलून "तुला चांगला चोपतो" म्हटले की तो हमला होऊ शकतो. याची उलट बाजू इंग्लंडमधल्या १६६९ च्या टर्बरव्हिल विरुद्ध सॅव्हेज या खटल्यात दिसते. एकाने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हटले की, न्यायाधीशांच्या दौऱ्याचे दिवस नसते तर हे बोलणे ऐकून घेतले नसते. न्यायाधीश दौऱ्यावर आलेलेच होते; म्हणजे त्याच्याच शब्दांनुसार तो आता वार करणार नव्हता. म्हणून तो हमला ठरला नाही. मला हा निकाल आजही महत्त्वाचा वाटतो, कारण धमकी आणि हमला यांच्यातली रेषा "आत्ता" या एका गोष्टीवर उभी आहे, हे तो दाखवतो.

पुढची पायरी फौजदारीपात्र बलप्रयोगाची, म्हणजे समोरच्याच्या संमतीशिवाय, त्याला इजा, भीती किंवा त्रास व्हावा म्हणून बळ वापरण्याची; ती कलम १२९ मध्ये आहे. इथेही प्रत्यक्ष स्पर्श लागतोच असे नाही: बांधलेल्या होडीत कोणी बसलेला असताना दोर सोडून त्याला प्रवाहात लोटणे हा संहितेतलाच दाखला आहे. हमला किंवा असा बलप्रयोग, गंभीर आणि आकस्मिक चिथावणी नसेल तर, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशा शिक्षेला पात्र आहे. शारीरिक वेदना, आजार किंवा दुर्बलता आली की ती दुखापत. ती इच्छापूर्वक केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हा दंड एक हजारच होता.

जबर दुखापतीचे आठ प्रकार कलम ११६ मध्ये आहेत. हाड मोडणे किंवा दात पडणे यावर वाद फारसा होत नाही. वाद होतो तो आठव्या प्रकारावर. जिवाला धोका उत्पन्न करणारी, किंवा जखमीला पंधरा दिवस तीव्र वेदना देणारी अथवा नेहमीचे व्यवहार करण्यास असमर्थ करणारी दुखापत त्यात येते. पूर्वी ही मुदत वीस दिवसांची होती. रुग्णालयात तेवढे दिवस दाखल असणे हा मात्र स्वतःहून पुरावा होत नाही. त्या काळात माणूस काय करू शकत नव्हता, हे डॉक्टरांच्या आणि त्याच्या स्वतःच्या साक्षीतून यावे लागते.

सर्वसामान्य माणसाची खरी अडचण होते ती पोलीस ठाण्यात. साधी दुखापत अदखलपात्र असल्यामुळे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या, कलम १७४ खाली एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) केली जाते, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. आपल्याला परत पाठवले, अशी भावना घेऊन लोक बाहेर पडतात, आणि ती मला पूर्णपणे समजते. म्हणूनच फिर्यादीतला तपशील निर्णायक ठरतो. "काठीने मारले" एवढेच लिहिले तर ती काठी होती की लोखंडी टोक बसवलेला सोटा, हे कळत नाही. आणि हत्यार भोसकण्याचे, कापण्याचे किंवा मारण्यासाठी वापरल्यास मृत्यू घडवू शकेल असे असेल, तर न्याय संहितेचे कलम ११८ लागून गुन्हा दखलपात्र होतो, म्हणजे पोलीस आदेशाची वाट न पाहता तपास करू शकतात. म्हणून वस्तूची लांबी, जाडी, कोणत्या बाजूने आणि शरीरावर कुठे फटका बसला, हे पहिल्याच जबाबात यायला हवे. महिन्याभराने सांगितलेला तपशील उलटतपासणीत टिकवणे अवघड जाते.

शेवटी स्वसंरक्षणाविषयी. पहिला फटका खाईपर्यंत थांबण्याची सक्ती कायदा करत नाही. शरीराला धोका असल्याची रास्त भीती निर्माण होताच हा अधिकार सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. अंगावर आलेल्याच्या हातातली काठी हिसकावणे, त्यासाठी त्याला ढकलणे हे या अधिकारात बसते. तो खाली पडला, हात रिकामे झाले आणि पळू लागला, त्यानंतर त्याच काठीने त्याच्या पाठीवर घातलेला घाव हा वेगळा गुन्हा आहे, आणि त्यात आरोपी काठी हिसकावणाराच असतो.