पौर्णिमेच्या मध्यरात्री किल्ल्यात चालत जाता येत नाही

(लहानपणीच्या पुस्तकमालिका पुन्हा वाचण्याविषयी कोकणातल्या एका वाचनालयात झालेलं व्याख्यान, थोडं आवरून)

मंडळी, शाळेत असताना अधाशासारखी वाचलेली मालिका चाळिशीत पुन्हा हातात घेतली की तिसऱ्या-चौथ्या भागाला माणूस पेन्सिल शोधायला लागतो. अमक्या भागात एकुलता एक असलेल्या मुलाला इथे बहीण कुठून आली? हा वाडा मागच्या वेळी नदीच्या अलीकडे होता ना? मग लेखकाच्या नावानं बोटं मोडायची, किंवा त्याहून वाईट म्हणजे सारवासारव करायची. आज सांगायचंय ते एवढंच, की विसंगती सापडली की तिच्यावर मत द्यायच्या आधी ती कुठल्या जातीची आहे ते ठरवायचं.

पहिली पायरी, आवृत्ती. ‘हॅरी पॉटर’च्या चौथ्या भागात, सन 2000 मध्ये आलेल्या पहिल्या छपाईत, खलनायकाच्या जादूच्या छडीतून त्यानं मारलेल्यांच्या छाया निघतात, तेव्हा आधी हॅरीचे वडील बाहेर येतात आणि मग आई. शेवटचा बळी सगळ्यांत आधी, असा तिथला क्रम आहे, म्हणजे आई आधी यायला हवी. पुढच्या छपायांमध्ये ते दुरुस्त झालं. आता एकाकडे जुनी प्रत, दुसऱ्याकडे नवी, आणि दोघंही छातीठोकपणे बोलतात! म्हणून विसंगती टिपताना पान क्रमांकाच्या आधी आवृत्ती आणि छपाईचं वर्ष लिहायचं.

आपल्याकडे इथेच घोडं अडतं. वाचनालयातली बालपुस्तकं दोन-तीनदा बांधणीला जाऊन आलेली असतात. मुखपृष्ठ गेलेलं, छपाईची माहिती असलेलं पान कसरीनं खाल्लेलं किंवा चार महिन्यांच्या दमटपणात शेजारच्या पानाला चिकटलेलं. अशा वेळी आतल्या पानावरचा दाखल क्रमांक बघा आणि ग्रंथपालांकडे दाखल नोंदवही मागा. त्या क्रमांकासमोर पुस्तक आल्याची तारीख असते. छपाई त्या तारखेच्या आधीची, एवढं तरी पक्कं होतं. ओली पानं नखानं सोडवायला जाऊ नका, अक्षरं समोरच्या पानावर उमटतात. सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या.

विसंगतींची वही कशी ठेवायची तेही सांगतो. पाच रकाने पुरतात : भाग, आवृत्ती, पान, जसंच्या तसं वाक्य, आणि ते कोण बोललं. पाचवा रकाना बहुतेक जण गाळतात. निवेदक एक सांगतो आणि पात्र दुसरं सांगतं, तेव्हा ती विसंगती असेलच असं नाही. पात्र थाप मारत असेल, विसरलं असेल. दोन्ही वाक्यं निवेदकाची असली तर मात्र खरोखर गडबड आहे. शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीत वॉटसन सांगतो की गोळी खांद्याला लागली, दुसरीत जखम पायाला गेलेली असते. इथे निवेदक वॉटसनच, सुटका नाही. त्यावर दोन गोळ्या, उसळलेली गोळी असे तर्क पिढ्यान् पिढ्या चालू आहेत. मला ते तर्क मूळ चुकीपेक्षा कंटाळवाणे वाटतात, पण ज्याची त्याची हौस.

वय न वाढणं ही चूक धरू नका. एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’ची 21 पुस्तकं 1942 ते 1963 या काळात आली. पहिल्या पुस्तकात ज्युलियन बारा वर्षांचा आहे. सगळ्या सुट्ट्या खऱ्या धरून मोजल्या तर तो केव्हाच नोकरीला लागला असता. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तरी कुठे ‘ट्टॉक्’ करत निवृत्त झाला? तो मालिकेचा करार आहे, वाचकानं पाळायचा.

याच भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणलं, आणि व्हर्नकडे आपल्या विषयातला सगळ्यांत मोठा घोळ आहे. पाणबुडीच्या कादंबरीत प्राध्यापक आरोनॅक्स नोव्हेंबर 1867 मध्ये कॅप्टन नेमोच्या ‘नॉटिलस’ या पाणबुडीवर येऊन पडतो आणि जून 1868 मध्ये सुटतो. पुढच्या ‘मिस्टीरियस आयलंड’मधली माणसं मार्च 1865 मध्ये बलूनमधून बेटावर येतात आणि ऑक्टोबर 1868 मध्ये त्यांच्यासमोर म्हातारा नेमो मरतो. म्हणजे आरोनॅक्स निसटल्यावर चार महिन्यांत. तरी नेमो म्हणतो, तो फ्रेंच माणूस माझ्या बोटीवर आला त्याला सोळा वर्षं झाली!

आता 1868 मधून सोळा वजा करा : 1852. याच पुस्तकात नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर निघतो, आणि 1857 चा उठाव फसल्यावर समुद्राकडे वळतो. म्हणजे पाणबुडी बांधायच्या पाच वर्षं आधी पाहुणा पाणबुडीत. दोन पुस्तकं सोडाच, एकाच पुस्तकाच्या पोटात हिशेब बसत नाही.

व्हर्नला वजाबाकी येत नव्हती असं नाही. पाणबुडीची कादंबरी लिहिताना त्याला नेमो पोलिश करायचा होता. रशियातली विक्री बुडेल म्हणून प्रकाशक एत्झेलनं ते होऊ दिलं नाही आणि नेमोचा भूतकाळ कोरा राहिला. तो पुढच्या पुस्तकात भरायचा तर एक खुंटी 1857 ला, दुसरी अमेरिकन यादवीतल्या 1865 च्या बलूनला, आणि मधे माणूस म्हातारा करायला वीस-एक वर्षं हवीत. दोन खुंट्यांमध्ये आठच वर्षं आहेत. तारखा जुळत नाहीत हे मान्य करणारी तळटीप छापून मंडळी मोकळी झाली. संक्षिप्त रूपांतरात अशा तारखा आणि टिपा आधी गळतात, म्हणून रूपांतर वाचून ‘घोळ नाही’ असं सांगू नका.

आता आपला किनारा. साहसकथा कोकणात घडत असेल तर इथल्या वाचकाच्या हाती पुण्या-मुंबईच्या वाचकाकडे नसलेली पट्टी असते. समजा, गोष्टीतली मुलं पौर्णिमेच्या मध्यरात्री, टिपूर चांदण्यात, ओहोटीच्या वाळूवरून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारख्या किल्ल्यात चालत जातात. चित्र सुरेख, पण तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे त्या रात्री साडेअकरा-बाराला भरती, तीही उधाणाची. मुलं गळ्यापर्यंत पाण्यात!

बरं, मध्यरात्री सुकती, म्हणजे ओहोटी, हवीच असेल तर अष्टमी घ्यावी लागेल. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पण अष्टमीला भांगाचं पाणी, ते फार मागे हटतच नाही, वाट नीट उघडी पडेल याची खात्री नाही. शिवाय चंद्र शुद्धातला असेल तर मावळायला आलेला, वद्यातला असेल तर जेमतेम उगवणारा. पाणी खूप मागे जातं ते पौर्णिमा-अमावास्येलाच, आणि तेव्हा सुकती पहाटे नाहीतर संध्याकाळी पाच-साडेपाचला. म्हणजे मुलांनी पौर्णिमेच्या संध्याकाळी निघायला हवं होतं, पाठीमागे चंद्र उगवताना, आणि तासाभरात परत फिरायला हवं होतं. ही दुरुस्ती कथेला मूळ प्रसंगापेक्षा जास्त धार देते. पाऊणपटीत बंदराप्रमाणे थोडाफार फरक पडतो, तेव्हा पंधरा-वीस मिनिटांवरून लेखकाला धरू नका. सहा तासांवरून जरूर धरा.

उलट, चूक वाटावी पण नसावी असंही पुष्कळ. ‘मालवण, जिल्हा रत्नागिरी’ वाचून हसू नका, सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला वेगळा झाला. पण 1970 च्या गोष्टीत कुणी रेल्वेनं कणकवलीला उतरलं तर खूण करा. आषाढात बोटीनं मालवणला उतरलं तरी करा, पावसाळ्यात ती बोट बंद असे. आणि दिवाळीच्या सुट्टीत झाडावरून हापूस उतरवणाऱ्या आजोबांबद्दल इथे बसलेल्यांना मी काय सांगणार.

एक चिठ्ठी आली आहे : सापडलेल्या चुका प्रकाशकाला कळवाव्यात का? कळवा, पण छपाईच्या आणि क्रमाच्या तेवढ्याच. पान, ओळ, आवृत्ती, छापलेलं वाक्य आणि सुचवलेला बदल असं एका कागदावर मावेल एवढं. भरती-ओहोटी कळवू नका. लेखक हयात नसेल तर तो प्रसंग कुणी बदलू नये, आणि हयात असेल तर चिठ्ठी थेट त्यालाच पाठवा, सोबत तिथी लिहून.