अकरावीचं वर्ष

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी २८ वर्षं फिजिक्स शिकवलं. दरवर्षी अकरावीचे वर्ग सुरू झाले की मुलांच्या चेहऱ्यावर एक सैलपणा दिसायचा. दहावी सुटली, बारावीला अजून वेळ आहे. घरचेही म्हणायचे, "मॅडम, दहावीत लय मेहनत केली पोरानं, थोडा आराम करू द्या त्याले." मला आज नेमकं त्याच वर्षाबद्दल बोलायचं आहे. बारावीनंतर जे प्रवेश हुकले म्हणून घरोघरी रडारड होते, त्यातले कितीतरी अकरावीतच हुकलेले असतात. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता गप्प बसवत नाही.

आधी अभ्यासाचं बोलू. इंजिनीअरिंग-फार्मसीच्या प्रवेशासाठीची आपल्या राज्याची परीक्षा, एमएचटी-सीईटी, २०० गुणांची. तिच्यात साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतात. म्हणजे ४० गुण अकरावीचे. मुलं म्हणतात, चाळीसच तर आहेत, सोडून देऊ. पण सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे किती टक्के मुलं तुमच्या मागे आहेत त्यावर लागतो आणि वरच्या टोकाला पाच-सात गुणांत शेकडो मुलं उभी असतात. तिथे ४० गुण सोडणारा रांगेत कुठे जाऊन पडतो, याचा विचार करा. मेडिकलची नीट आणि एनआयटीसारख्या संस्थांच्या इंजिनीअरिंगची जेईई मेन, यांत तर असा हिशेबच नाही. दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण लागतो.

आणि गुणांपेक्षाही खोलवरची एक गोष्ट आहे. आपल्या बोर्डाच्या बारावीच्या फिजिक्समधला पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्स. उड्डाणपुलाच्या वळणावर रस्ता बाहेरच्या बाजूनं उचललेला का असतो, ते तिथे शिकायचं असतं. मी फळ्यावर उतार काढायची, त्यावर गाडी ठेवायची आणि कुणालातरी बोलवायची, ये, बलं दाखव. मुलगा यायचा, खडू घ्यायचा आणि थांबायचा. सूत्र पाठ असायचं. पण रस्त्याची प्रतिक्रिया उताराला काटकोनात असते आणि तिचा एक कंपोनंट, म्हणजे एका दिशेचा भाग, वजन तोलतो, तर दुसरा गाडीला वळवतो, हे त्याला काढता यायचं नाही. कारण कंपोनंट आणि न्यूटनचे नियम अकरावीत होते, आणि अकरावी आरामात गेली होती. घर्षण नसेल तोवर पाठ केलेलं सूत्र चालतं. प्रश्नात घर्षण आलं की त्याचा खडू तिथेच अडतो. बारावीच्या ऑगस्टमध्ये मागे जाऊन हे शिकायला वेळ कुठून आणायचा? पुढचे धडे तर धावतच असतात.

मग अकरावीत रोज दहा तास अभ्यास करायचा का? मुळीच नाही. मी तर म्हणेन, कॉलेज आणि क्लास सोडून दोन-अडीच तास पुरेत, पण ते रोजचे हवेत, आणि सोबत एक वही हवी. अशी एक वही माझ्याकडे अजून आहे. कळमेश्वरहून रोज एसटीनं येणारी एक मुलगी होती, जाताना ती मला देऊन गेली. डाव्या पानावर चुकलेलं गणित, उजव्या पानावर लाल पेनानं एकच ओळ, का चुकलं. "सिली मिस्टेक" असं लिहायची तिनं स्वतःला मनाई केली होती. कारण नेमकंच लिहायचं. "व्यास दिला होता, त्रिज्या धरली." "सेंटिमीटरचं मीटर केलं नाही." "प्रश्नात 'नाही' होतं, वाचलंच नाही." दोन महिन्यांनी तिनं पानं उलटून पाहिली तर निम्म्याहून जास्त चुका एककांच्या निघाल्या. फिजिक्स कच्चं नव्हतंच, घाई होती. त्या दिवसापासून गणित वाचतानाच ती एककाभोवती गोल करायला लागली. टेस्टमध्ये किती मिळाले एवढंच विचारणाऱ्या पालकांना मला सांगायचं आहे, एकदा ती उजवी पानं बघायला मागा.

आता डमी ॲडमिशनबद्दल. नाव एका कॉलेजात, मुलगा दिवसभर क्लासमध्ये, प्रॅक्टिकलला वर्षातून चार वेळा हजेरी. मला हे पटत नाही आणि ते मी उघडपणे सांगते. बारावीच्या फिजिक्समध्ये १०० पैकी ३० गुण प्रॅक्टिकलचे आहेत, हे झालं एक. दुसरं असं की आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटीत किंवा कुठल्याही एनआयटीत, म्हणजे केंद्राच्या इंजिनीअरिंग संस्थेत, जेईईच्या रँकवर शिरायचं तर बारावीत ७५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. एनआयटीतल्या निम्म्या जागा त्या-त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात. म्हणजे अंबाझरीजवळच्या त्या कॅम्पसमध्ये आपल्या पोरांचा हक्काचा वाटा आहे. रँक आली आणि बोर्डात कमी पडलं म्हणून तो हातचा गेला, तर दोष कुणाला द्यायचा?

नीट देणाऱ्यांना एक खास नागपुरी सूचना. २०२५ साली ही परीक्षा ४ मे रोजी, दुपारी २ ते ५ झाली. १८० मिनिटांत १८० प्रश्न. आपल्याकडची मे महिन्यातली दुपार कशी असते ते मी सांगायला नको. वर्षभर कूलरसमोर रात्री अकराला सराव पेपर सोडवणारं मूल त्या दिवशी डोक्याला दुपट्टा बांधून केंद्रावर पोचतं आणि जेवणानंतरच्या झोपेच्या वेळी त्याला पेपर हातात मिळतो. म्हणून मार्चपासून रविवारचा सराव पेपर दुपारी दोनलाच सोडवा. आधी काय खायचं, किती पाणी प्यायचं, तेही त्याच दिवशी ठरवून बघा. चुकीच्या उत्तराला तिथे एक गुण कापला जातो, सीईटीत कापत नाहीत. त्यामुळे सीईटीचा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

डॉक्टर-इंजिनीअरपलीकडे बघणाऱ्यांना एवढंच सांगते की कायद्यासाठीची क्लॅट डिसेंबरातच होते, बोर्डाच्याही आधी. राष्ट्रीय विधी विद्यापीठ आपल्या नागपुरातच आहे. सैन्यात अधिकारी व्हायचं तर एनडीएचा अर्ज बारावीत असतानाच भरता येतो, आता मुलींनाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर आज बोलायला आले, तिच्याकडे येते. कागदपत्रं.

काही वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका दुपारी माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील आले. हातात कापड दुकानाची पिशवी, पिशवीत कागद. मुलाला चांगले गुण होते, कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, कॉलेजही लागलं होतं. "मॅडम, हे व्हॅलिडिटी म्हंजे काय भानगड आहे जी? जातीचा दाखला तर आहे आमच्यापाशी." जातीचा दाखला वेगळा आणि तो समितीनं तपासून खरा ठरवल्याचं जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, वेगळं, हे त्यांना दोन वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्या कॉलेजनं नाही, वर्गशिक्षकानं नाही. मीही नाही. मुदत संपली, राखीव जागा गेली. पोरगा दारात मान खाली घालून उभा होता. तो मला अजून दिसतो.

व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावीतच, कॉलेजमार्फत करता येतो. जिल्हा जात पडताळणी समितीकडे तो जातो, अनुसूचित जमातींची समिती वेगळी. तिथे जुना पुरावा मागतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ पूर्वीचा, ओबीसींसाठी १९६७ पूर्वीचा. तो असतो आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, नाहीतर तहसीलमधल्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत. त्यासाठी गावी जावं लागतं, नक्कल मिळेपर्यंत खेपा घालाव्या लागतात. आडनावाच्या एका अक्षराचा फरक निघाला तर त्याचंही स्पष्टीकरण द्यावं लागतं. वडिलांची किंवा सख्ख्या काकांची व्हॅलिडिटी असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. अर्जाच्या पावतीवर काही काळ सवलत कधी जाहीर होते, कधी होत नाही. तिच्या भरवशावर मुलाचं वर्ष टांगू नका. नॉन-क्रिमिलेअर (कुटुंब उन्नत गटात नसल्याचा दाखला), उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल (रहिवासाचा दाखला) ही कामं त्यामानानं लवकर होतात, पण जूनमध्ये सेतूवर रांग लागते, म्हणून तीही दिवाळीच्या सुट्टीत उरकावीत. मुलींच्या पालकांनी उत्पन्नाच्या दाखल्याकडे विशेष लक्ष द्यावं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी सरकार भरतं. पैशाअभावी मुलीला इंजिनीअरिंग नको म्हणणाऱ्या घरापर्यंत ही बातमी आज पोचावी, एवढी माझी इच्छा आहे.

तर अकरावीत मूल असलेल्या घरांनी आज रात्री जेवताना आजोबांना, ते नसतील तर त्यांच्या भावंडांना विचारून घ्या, ते कोणत्या गावच्या शाळेत पहिलीत बसले होते, साल कोणतं होतं आणि शाळेत नाव काय लिहिलं होतं. लिहून ठेवा. येत्या आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसमध्ये जाऊन अर्जाची चौकशी करा.

नमस्कार.