सातांतलं एक तरी

[दृश्य : जर्मनीतलं वोल्फेनब्यूटेल गाव. ग्रंथालयाजवळ एक बैठं घर.]

हे घर ग्रंथपालाचं. जर्मन नाटककार गॉटहोल्ड एफ्राइम लेसिंग १७७७ च्या डिसेंबरात इथे राहायला आला, तेव्हा त्याच्या बायकोचे, एव्हाचे, दिवस भरत आले होते. नाताळात मुलगा झाला. जेमतेम दिवसभर जगला आणि गेला.

३१ डिसेंबरला लेसिंगने एका मित्राला पत्र लिहिलं. पोर फार शहाणं होतं, असं त्यात म्हटलंय. जगात यायला ते तयारच नव्हतं, लोखंडी चिमट्यांनी ओढून काढावं लागलं; आणि इथला रागरंग ओळखून, पहिली संधी मिळताच निघून गेलं. पुढे दहाच दिवसांत, १० जानेवारी १७७८ ला, एव्हाही गेली.

याच घरात, पुढच्या हिवाळ्यात, लेसिंगने 'शहाणा नाथन' हे नाटक लिहिलं. शहाणं हा शब्द त्याने कुठून आणला असेल, याचा विचार मनातून जात नाही.

[दृश्य : जुनी छापील पत्रकं.]

नाटकाची कल्पना जुनीच होती, कित्येक वर्षं पडून होती. ती बाहेर काढायला निमित्त झालं एका भांडणाचं. हाम्बुर्गचे दिवंगत प्राध्यापक रायमारुस यांनी बायबलमधले चमत्कार बुद्धीच्या कसाला लावणारं एक हस्तलिखित मागे ठेवलं होतं. लेखकाचं नाव न सांगता लेसिंग १७७४ पासून त्याचे भाग छापू लागला. हाम्बुर्गचे मुख्य धर्मोपदेशक गोएत्स खवळले. लेसिंगने एकामागून एक अकरा पत्रकं काढून त्यांना उत्तरं दिली. शेवटी १७७८ च्या जुलैत ब्राउनश्वाइगच्या ड्यूकने लेसिंगला असलेली, सेन्सॉरला न दाखवता छापण्याची सूट काढून घेतली. लेसिंग स्वतः धर्मोपदेशकाचा मुलगा. त्याने एका मैत्रिणीला कळवलं की, आता माझ्या जुन्या प्रवचनाच्या जागेवरून, म्हणजे रंगभूमीवरून, तरी हे लोक मला बोलू देतात का ते पाहतो.

[दृश्य : जेरुसलेमचा तट.]

नाटक घडतं बाराव्या शतकाच्या अखेरीस, सुलतान सलादीनच्या जेरुसलेममध्ये. धर्मयुद्धात तहाची उसंत मिळालेली. सुलतानाला पैशांची निकड आहे, म्हणून तो शहरातल्या श्रीमंत ज्यू व्यापाऱ्याला, नाथनला, बोलावतो आणि भलतंच विचारतो: ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान, यांतला खरा धर्म कोणता? नाथन सापळा ओळखतो आणि गोष्ट सांगतो.

गोष्ट अंगठीची आहे. एका घराण्यात ओपलचा खडा जडवलेली अंगठी पिढ्यान् पिढ्या बापाकडून लाडक्या मुलाकडे जाते. एका बापाला तिन्ही मुलगे सारखेच लाडके. तो हुबेहूब दोन अंगठ्या घडवून घेतो आणि तिघांना वेगवेगळं बोलावून एकेक देतो. बाप गेल्यावर तिघे न्यायाधीशापुढे उभे राहतात.

ही कथा लेसिंगची नव्हे. चौदाव्या शतकातला इटालियन लेखक बोकाचिओ याच्या 'डेकामेरॉन' या कथासंग्रहात ती आहे, पण तिथली अंगठी फक्त मौल्यवान आहे, आणि खरी कोणती हा प्रश्न तिथे तसाच लटकत राहतो. लेसिंगने तिच्यात एक गुण घातला: जो विश्वासाने ती घालेल, तो देवाला आणि माणसांना प्रिय होईल. या एका भरीने खटला फिरतो. न्यायाधीश विचारतो, तुमच्यापैकी दोघांचं सगळ्यात जास्त प्रेम कोणावर आहे? तिघेही गप्प. मग बहुधा खरी अंगठी हरवलेलीच आहे, न्यायाधीश म्हणतो. तरी प्रत्येकाने आपलीच खरी समजावी आणि तिचा गुण वागण्यातून दाखवून द्यावा. हजारो हजार वर्षांनी याच आसनावर माझ्यापेक्षा शहाणा कुणी बसलेला असेल, त्याच्याकडे या.

धर्मांच्या सलोख्याचा विषय निघाला की ही अंगठी हमखास निघते. निघावीही. पण तेवढ्यावर थांबलं की नाथन हा हजरजबाबी माणूस वाटतो, कठीण प्रसंगातून गोड बोलून सुटलेला. या नाटकाचा जीव मला दुसरीकडे दिसतो, चौथ्या अंकात.

[दृश्य : रिकामा रंगमंच, एक दिवा.]

त्या अंकात आधी जेरुसलेमचा ख्रिस्ती धर्मप्रमुख येतो. एका ज्यूने ख्रिस्ती मुलीला पोटच्या पोरीसारखं वाढवलंय, असं त्याच्या कानावर जातं. त्याने तिला वाचवलं, सांभाळलं, असं सांगणारा सांगत राहतो. धर्मप्रमुखाचं एकच पालुपद: त्याने काही फरक पडत नाही, ज्यूला जाळायचं. तीनदा.

तो ज्यू म्हणजे नाथन, आणि ती मुलगी रेशा. थोड्या वेळाने मठातला एक साधा सेवक नाथनला भेटतो. अठरा वर्षांपूर्वी ते तान्हं मूल नाथनच्या हातात देणारा हाच. त्याला नाथन आजवर कुणालाही न सांगितलेलं सांगतो. मूल येण्याच्या काही दिवस आधी गाथ नावाच्या गावात ख्रिस्त्यांनी ज्यूंची कत्तल केली होती. नाथनची बायको आणि सात मुलगे त्याच्या भावाच्या घरात लपले होते. घरासकट जळाले.

तीन दिवस, तीन रात्री नाथन राखेत आणि धुळीत देवापुढे पडून होता. रडला. देवाशी भांडला. स्वतःला आणि जगाला शिव्याशाप दिले. ख्रिस्ती माणसांचा कायमचा द्वेष करण्याची शपथ घेतली.

मग हळूहळू बुद्धी परत आली. लेसिंगने तिला मृदू आवाज दिलाय. ती म्हणते: तरीही देव आहे. ऊठ. तुला केव्हाचं कळलंय, ते आता कर. कळण्याहून करणं काही जास्त अवघड नाही, तुझ्या मनात फक्त यायला हवं.

बुद्धी आणि श्रद्धा यांना आपण समोरासमोर उभं करतो, एक आली की दुसरी गेलीच असं धरून चालतो. इथे देव आहे हे सांगायला बुद्धीच आली आहे. आणि ते ऐकून नाथन प्रार्थनेला बसत नाही, उभा राहतो. तेवढ्यात घोड्यावरून हाच सेवक उतरतो, झग्यात गुंडाळलेलं ख्रिस्ती मूल घेऊन. नाथन ते घेतो, अंथरुणावर ठेवतो, त्याचे पापे घेतो, गुडघ्यांवर कोसळतो आणि हुंदके देत म्हणतो: देवा, सातांतलं एक तरी परत आलं!

सेवक भारावून म्हणतो, नाथन, तुम्ही ख्रिस्ती आहात, तुमच्याहून चांगला ख्रिस्ती झालाच नाही. नाथन उत्तरतो, ज्यामुळे मी तुम्हाला ख्रिस्ती वाटतो, त्याचमुळे तुम्ही मला ज्यू वाटता.

मूल गमावून वर्ष उलटलेल्या बापाने हे लिहिलं, एवढं लक्षात ठेवून हा प्रवेश वाचावा.

[दृश्य : बुद्धिबळाचा पट.]

नाथनच्या मागे एक खरा माणूसही दिसतो. मोझेस मेंडेल्सझोन, बर्लिनमधल्या रेशमाच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा ज्यू तत्त्वज्ञ. १७५४ मध्ये बुद्धिबळाच्या निमित्ताने त्याची लेसिंगशी ओळख झाली आणि मैत्री जन्मभर टिकली. नाटकातही बुद्धिबळाचा डाव आहे.

नाटक १७७९ मध्ये छापून आलं. आत्ता हे करता येईल अशी जागा जर्मनीत मला माहीत नाही, असं लेसिंगने लिहून ठेवलं. तो १७८१ मध्ये गेला. पहिला प्रयोग १७८३ मध्ये बर्लिनला झाला, तो त्याने पाहिला नाही.

[दृश्य : बर्लिन, १९३३.]

नाझी सत्तेवर आले आणि नाथन जर्मन रंगभूमीवरून हटवला गेला. ज्यू कलावंतांना कामावरून काढलं. त्यांनी आपली सांस्कृतिक संघटना उभारली: नट ज्यू, प्रेक्षकही फक्त ज्यू. १ ऑक्टोबर १९३३ ला तिचं पहिलं नाटक झालं, तेच हे. मूळ नाटकात शेवटी उलगडतं की रेशा आणि तिला आगीतून वाचवणारा ख्रिस्ती योद्धा भावंडं आहेत, सलादीनच्या भावाची मुलं. सगळे न बोलता पुन्हा पुन्हा एकमेकांना मिठी मारतात आणि पडदा पडतो. त्या गोतावळ्यात रक्ताचं नातं नसलेला एकटा नाथनच. म्हणून तर रेशा विचारते, रक्तानेच का कुणी बाप होतो? १९३३ च्या त्या प्रयोगात शेवटी नाथन रंगमंचावर एकटा उरला.

१९४१ मध्ये गेस्टापोने, नाझींच्या गुप्त पोलिसांनी, संघटना बंद केली. तिच्यातले कितीतरी जण छळछावण्यांत मारले गेले. तिच्या नाटक विभागाचा प्रमुख फ्रिट्झ विस्टेन वाचला.

[दृश्य : बर्लिन, १९४५. भिंती, विटांचे ढीग.]

७ सप्टेंबर १९४५. डॉइचेस थिएटर पुन्हा उघडलं. दिग्दर्शक विस्टेन, नाथनच्या भूमिकेत पाउल वेगेनर. पहिल्या प्रवेशात नाथन लांबच्या प्रवासाहून घरी येतो. दारात दाया भेटते, रेशाला सांभाळणारी. ती म्हणते, तुमचं घर...

जळालं, नाथन म्हणतो. ते ऐकलं मी. देव करो, आणि सगळं ऐकून झालेलं असो.